राल्फ होतेरे: काळ्या रंगाचा चित्रकार आणि 'आपले लोक'

रविवारचा चहा झाला असेल, नसेल तर कप हातात घेऊनच ऐका. आज तुम्हाला एका चित्रकाराची आणि शिल्पकाराची गोष्ट सांगायची आहे. हा माणूस आपण राहतो त्याच देशातला, न्यूझीलंडमधला. पण गोष्ट सुरू होते आमच्या स्वयंपाकघरातल्या एका वादापासून.

लेक इयर टेनमध्ये आहे. तिला एका चित्रकारावर प्रोजेक्ट करायचं होतं. मी आयटी कन्सल्टंट, माझी चित्रकला म्हणजे स्लाइडवर चौकोन आणि बाण. तरीही बाप म्हणून सल्ला देऊन टाकला, "रझा घे, नाहीतर गायतोंडे घे. आपल्यातलं कुणीतरी घे."

ती म्हणाली, "बाबा, मी राल्फ होतेरे घेतलाय."

"हा कोण? आणि आपल्या लोकांमध्ये कुणी मिळालं नाही का तुला?"

ती म्हणाली, "आपण इथे अकरा वर्षं राहतोय, बाबा. मी तीन वर्षांची होते आलो तेव्हा. आपले लोक म्हणजे नक्की कोण?"

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पोळी उलटली. मला काही उत्तर सुचलं नाही. मग रात्री जेवणं झाल्यावर मी या होतेरेंबद्दल वाचायला बसलो, आणि पुढचे दोन आठवडे तेच वाचत राहिलो. त्यातलं जे मला महत्त्वाचं वाटलं, ते आज सांगतो.

आधी नाव नीट म्हणू या. इंग्रजी स्पेलिंग वाचून मी 'हॉटेअर' म्हणालो होतो. लेकीने दुरुस्त केलं: होतेरे. माओरी भाषेतले स्वर आपल्या आ, ए, ई, ओ, ऊ यांच्याजवळचे आहेत आणि लिहिलेलं अक्षर गिळायचं नसतं. मराठी जिभेला हे इंग्रजीपेक्षा सोपं जातं. आपण प्रयत्न करत नाही एवढंच.

त्यांचं पूर्ण नाव होने पापिता राउकुरा होतेरे. जन्म ११ ऑगस्ट १९३१ चा, मितिमिति या गावात. ऑकलंडच्या उत्तरेला होकिआंगा बंदर आहे, त्याच्याही पलीकडे टास्मन समुद्राच्या काठावर हे छोटंसं गाव. मागे डोंगर, पुढे वाळूचा लांबच लांब किनारा. ते ते औपोउरी या जमातीचे, पंधरा भावंडांपैकी एक. घर कॅथलिक होतं. होकिआंगात १८३८ साली फ्रेंच बिशप पोंपालिए आले आणि या भागात कॅथलिक पंथ रुजला. 'होने पापिता' म्हणजे जॉन द बॅप्टिस्ट, माओरी उच्चारात. आपल्यापैकी जे वसईचे आहेत त्यांना हे चटकन कळेल. नाव फ्रान्सिस, घरातली बोली कादोडी, आणि यात काही विचित्र आहे असं घरात कुणालाच वाटत नाही. तसंच हे.

त्या काळी शाळेत माओरी बोललं म्हणून मुलांना शिक्षा होत असे. घरी एक भाषा, शाळेत दुसरी. अशा दोन दुनियांमध्ये ये-जा करत ही पिढी वाढली. होतेरे ऑकलंडच्या हातो पेतेरा कॉलेजात शिकले, मग शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात गेले आणि १९५२ मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, डनीडिनला, कला शिकायला पोहोचले. पुढे शिक्षण खात्याने त्यांना उत्तरेत, बे ऑफ आयलंड्समध्ये, शाळांचे कला सल्लागार म्हणून नेमलं. खात्यातले कलाशिक्षणाचे प्रमुख गॉर्डन टोवी यांनी तरुण माओरी शिक्षकांना मुद्दाम या कामात घेतलं होतं. आज ज्यांना आधुनिक माओरी कलेचे आधारस्तंभ मानतात, त्यांच्यातले बरेच जण याच नोकरीतून पुढे आले. गावोगावच्या शाळांत फिरायचं, मुलांना रंग द्यायचे, लाकूड द्यायचं आणि आपलंही काम चालू ठेवायचं. सरकारी नोकरीतून एवढं चांगलं काही निघू शकतं, हे वाचून मला जरा आश्चर्यच वाटलं.

१९६१ मध्ये त्यांना फेलोशिप मिळाली आणि ते लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. मग काही काळ फ्रान्समध्ये राहिले, युरोपात हिंडले. त्याच प्रवासात ते इटलीत सांग्रो नदीजवळच्या युद्ध दफनभूमीत गेले. तिथे त्यांचा थोरला भाऊ जॅक पुरलेला होता. दुसऱ्या महायुद्धात मितिमितिहून निघालेला हा मुलगा १९४३ मध्ये इटलीत मारला गेला, तेव्हा धाकटा बारा वर्षांचा होता. भावाची कबर त्याने पाहिली ती तिशीत आल्यावर.

त्या भेटीतून जी चित्रं निघाली ती 'सांग्रो' मालिका म्हणून ओळखली जाते. त्यात रणांगण नाही की शौर्याचा देखावा नाही. काही चित्रांत फक्त आकडे दिसतात. ती मेलेल्या सैनिकांची वयं आहेत. आम्ही आकडे कॉलममध्ये टाकतो, बेरीज करतो आणि पुढच्या स्लाइडवर जातो. इथे मात्र आकडा वाचून पुढे सरकता येत नाही, कारण प्रत्येक आकडा म्हणजे कुणाचा तरी मुलगा आहे.

आता मंडळी, ज्या गोष्टीसाठी मी हा विषय रेडिओवर आणायचं ठरवलं, ती इथे येते.

सांग्रोची ही दफनभूमी कुठली म्हणून मी शोधत होतो. तिथे राष्ट्रकुलातल्या अडीच हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत, त्यात न्यूझीलंडचे पुष्कळ. आणि त्याच आवारात आणखी एक स्मारक आहे. ज्यांचं त्यांच्या धर्माप्रमाणे दहन झालं, अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं. १९४३ च्या शेवटी सांग्रो नदीवर न्यूझीलंडची डिव्हिजन आणि आठवी भारतीय डिव्हिजन शेजारी-शेजारी लढल्या. त्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटणही होती. इटलीच्याच मोहिमेत पुढच्या वर्षी, १० जुलै १९४४ ला, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय होतं बावीस.

मी रात्री साडेअकराला लेकीच्या खोलीचं दार वाजवलं. ती वैतागली, पण स्क्रीनकडे बघत बसली. म्हणाली, "म्हणजे त्यांचा भाऊ आणि हे सगळे एकाच ठिकाणी?" मी म्हणालो, "हो." थोड्या वेळाने तिने विचारलं, "हे प्रोजेक्टमध्ये घालू?" 'आपल्यातलं कुणीतरी घे' हे वाक्य मी त्यानंतर पुन्हा काढलं नाही.

आता पुढची गोष्ट. होतेरे १९६५ मध्ये न्यूझीलंडला परतले आणि १९६९ मध्ये ओटागो विद्यापीठाचे फ्रान्सेस हॉजकिन्स फेलो म्हणून पुन्हा डनीडिनला गेले. त्यानंतर आयुष्यभर ते त्याच भागात राहिले, बहुतेक काळ डनीडिनजवळच्या पोर्ट चामर्स या बंदराच्या गावात. थोडक्यात, उत्तर टोकाजवळचा माणूस दक्षिणेत स्थायिक झाला. आपल्यासारखाच घरापासून लांब.

लोक त्यांना 'माओरी चित्रकार' म्हणत. त्यांना हा शिक्का नको होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: जन्माने आणि वाढीने मी माओरी आहेच, पण माझ्या कामाच्या बाबतीत तो योगायोग समजा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते खटकलं. वाटलं, मुळं नाकारतोय का हा? पण पुढे त्यांची चित्रं पाहत गेलो तेव्हा दिसलं की माओरी भाषा, जमातीचे मंत्रपाठ, होकिआंगाची माणसं त्यांच्या कामात पदोपदी आहेत. त्यांना फक्त आपलं काम आधी एका कप्प्यात टाकून मग पाहिलं जायला नको होतं.

आमच्या धंद्यात ड्रॉपडाउन नावाचा प्रकार असतो. फॉर्मवर एक चौकट, त्यात यादी, त्यातलं एकच निवडायचं. सिस्टीमला ते सोयीचं पडतं. माणसांना तसं बसवलं की गडबड होते, आणि आपली मुलं रोज ती गडबड सोसतात. शाळेत विचारतात, "तू खरी कुठली?" आणि भारतात गेल्यावर मावशी-आत्या विचारतात, "आता तुम्ही तिकडचेच झालात ना?" नायजेरियाचे नामवंत चित्रकार आणि शिल्पकार बेन एन्वोन्वू यांनाही अशाच शिक्क्याशी झगडावं लागलं. लंडनमध्ये शिकून नाव कमावलं, इंग्लंडच्या राणीचा पुतळा घडवला, तरी लोक त्यांना आधी 'आफ्रिकन' म्हणत आणि मग कलावंत.

आता काळ्या रंगाकडे येऊ. १९६८ पासून होतेरेंनी 'ब्लॅक पेंटिंग्ज' करायला घेतली आणि त्यांनीच त्यांचं नाव झालं. चित्र जवळपास पूर्ण काळं. कधी त्यावर एखादी बारीक रंगीत रेघ, कधी काळ्यावर काळ्यानेच काढलेला क्रॉस, जो बराच वेळ पाहिल्याशिवाय दिसतच नाही. सुरुवातीच्या काही चित्रांसाठी त्यांनी गाड्यांना मारतात तसलं लॅकर हार्डबोर्डवर वापरलं. त्यामुळे पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत झाला. समोर उभे राहिलात की तुम्हीच त्यात अंधुक दिसता.

आपल्याकडे काळा रंग म्हटलं की आजी नाक मुरडायची. लग्नाला काळं नको, बारशाला काळं नको. पण संक्रांत आली की तीच आजी चंद्रकळा नेसून तिळगूळ वाटायची. आणि पंढरपूरला जो विटेवर उभा आहे तो काळाच की! वारकरी त्या काळेपणात भीती पाहत नाही, सगळं काही पाहतो. माओरी विश्वकथेतही आधी 'ते पो' आहे, म्हणजे रात्र, अंधार. त्या अंधारातूनच प्रकाशाचं जग, 'ते आओ मारामा', जन्माला येतं. काळा म्हणजे संपलेलं नाही, अजून उमलायचं आहे ते. विठ्ठल ठाऊक असलेल्या माणसाला होतेरेंचं काळं चित्र समजायला वेळ लागू नये, असं मला वाटतं. रझांचा काळा बिंदू आठवा, तोही असाच सगळ्याच्या आधीचा.

पण होतेरे स्वतः हे कधी समजावून सांगत नसत. चित्राचा अर्थ विचारला की बहुतेक वेळा गप्प बसत. बोलण्यापेक्षा न बोलणं बरं, असाच त्यांचा कल होता. आपले गायतोंडेही तसेच. नागपूरला जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे चित्राबद्दल फारसं बोलत नसत. मी लेकीला सुचवलेलं नाव आणि तिने निवडलेलं नाव यांत एवढं साम्य निघेल असं मला वाटलं नव्हतं.

मात्र गप्प राहणारा हा माणूस गप्प बसणारा नव्हता. डनीडिनच्या बंदराच्या तोंडाशी अरामोआना नावाची वस्ती आहे. 'आरा' म्हणजे वाट आणि 'मोआना' म्हणजे समुद्र, समुद्राची वाट. तिथल्या खाजण जमिनीवर ॲल्युमिनियम वितळवण्याचा मोठा कारखाना उभारायचा बेत होता. स्थानिकांनी विरोध केला. डिसेंबर १९८० मध्ये तर त्यांनी गंमतीने अरामोआना हे स्वतंत्र राष्ट्र असल्याचं जाहीर केलं, पासपोर्ट आणि तिकिटंसुद्धा काढली! होतेरेंनी 'अरामोआना' मालिका केली. शेवटी योजना बारगळली. १९८१ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ इथे आला आणि देश दुभंगला, तेव्हा त्यांनी 'ब्लॅक युनियन जॅक' ही चित्रं केली. १९८५ मध्ये ऑकलंड बंदरात 'रेनबो वॉरियर' जहाज बुडवलं गेलं, त्यानंतर 'ब्लॅक रेनबो' आली.

याच काळात कॅनव्हास आणि कुंचला कमी झाला आणि पत्रा हातात आला. आपल्या कोकणातल्या पडवीवर असतो तसा पन्हाळी पत्रा, स्टेनलेस स्टील, जुन्या घरांच्या खिडक्यांच्या चौकटी. ग्राइंडरने घासायचं, ज्योतीने जाळायचं, कापायचं. चित्र कुठे संपलं आणि शिल्प कुठे सुरू झालं हे सांगता येऊ नये, असं काम. मित्र बिल कल्बर्ट ट्यूबलाइटमधून शिल्पं करत. दोघांनी मिळून १९९४ मध्ये वेलिंग्टनच्या सिटी गॅलरीच्या दर्शनी भागावर 'फॉल्ट' नावाचं काम केलं. भूकंपाच्या भेगेवर वसलेल्या शहरात याहून समर्पक नाव कुठलं असणार?

त्यांचं सर्वांत मोठं शिल्प मानलं जातं ते 'ब्लॅक फीनिक्स', १९८४ ते १९८८ या काळातलं. मासेमारीची एक बोट आगीत जळाली होती. होतेरेंनी तिची जळकी नाळ उभी केली, दोन्ही बाजूंना जळक्या फळ्या लावल्या आणि जमिनीवर फळ्यांचीच वाट केली. प्रत्येक फळीवर एक पट्टी तासून आतलं कोरं लाकूड उघडं केलं. काही फळ्यांवर एक माओरी म्हण कोरली आहे. तिचा आशय असा की नेच्याचं एक पान गळतं तेव्हा त्याच्या जागी दुसरं उगवतं. हे काम ते पापा संग्रहालयाच्या संग्रहात आहे, लांबी सुमारे तेरा मीटर.

आणि आता ऑकलंडकरांसाठी खास. १९७७ मध्ये त्यांना ऑकलंड विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय आगमन कक्षासाठी भित्तिचित्र करायला सांगितलं. अठरा मीटर लांबीचं ते चित्र म्हणजे 'गॉडविट', माओरीत 'कुआका'. हा पक्षी दरवर्षी अलास्काहून निघतो आणि वाटेत कुठेही न उतरता इथे येतो. २००७ मध्ये ट्रान्समीटर बसवलेल्या एका मादीने अकरा हजारांहून अधिक किलोमीटर अंतर सुमारे आठ दिवसांत न थांबता कापलं. मार्च महिना आला की हे पक्षी परतीच्या प्रवासाला निघतात. होतेरेंच्या मुरिफेनुआ मुलखात या पक्ष्याला फार मान आहे. तिथला कुआकाचा पारंपरिक मंत्रपाठ त्यांनी चित्रात लिहिला. दमून, बॅगा ओढत, इमिग्रेशनच्या रांगेकडे जाणाऱ्या माणसांच्या डोक्यावर त्यांनी लांबून आलेला पक्षी ठेवला. हे चित्र आता विमानतळावर नाही, ते ऑकलंड आर्ट गॅलरीत सांभाळलेल्या चार्टवेल संग्रहात आहे. आम्ही उतरलो तेव्हा ते तिथे नव्हतं. कस्टम्सवाल्याने लोणच्याच्या बरणीबद्दल विचारलेले प्रश्न तेवढे मला आठवतात.

१९९३ मध्ये पोर्ट चामर्सच्या बंदराच्या वाढीसाठी टेकडीचा मोठा भाग कापला गेला. होतेरेंचा जुना स्टुडिओ नेमका तिथे होता. गावकऱ्यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. पुढे उरलेल्या भागावर २००५ मध्ये शिल्पांची बाग झाली, हॉतेरे नव्हे बरं का, 'होतेरे गार्डन ओपुताए'. २००१ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता, तरी ते काम करत राहिले. २०१२ च्या नववर्षाच्या यादीत त्यांना 'ऑर्डर ऑफ न्यूझीलंड' हा सर्वोच्च सन्मान मिळाला. एका वेळी हयात असलेल्या फक्त वीस जणांना तो देता येतो.

२४ फेब्रुवारी २०१३ ला डनीडिनमध्ये ते गेले. डनीडिनच्या कॅथीड्रलमध्ये प्रार्थना झाली आणि मग त्यांना अख्खा देश ओलांडून उत्तरेला नेलं, मितिमितिला. तिथेच त्यांना माती दिली. चाळीसहून अधिक वर्षं दक्षिणेत राहिलेला माणूस शेवटी आपल्या समुद्राकडे परतला. पण पोर्ट चामर्सची माणसंही त्यांना आपलाच म्हणतात, आणि ते खोटं नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात हा प्रश्न कुठेतरी असतो. आपण कुठले, मुलं कुठली, शेवटी कुठे जायचं. फोनवर आईला सांगताना 'तिकडे' आणि 'इकडे' यांत आपलीच गल्लत होते. होतेरेंच्या आयुष्याने मला याचं उत्तर दिलं असं म्हणणार नाही. पण दोन्हीपैकी एकच निवडा, हा हट्ट आपणच मुलांवर लादत असतो, हे मला त्या दोन आठवड्यांत कळलं. लेकीने होतेरे निवडले म्हणून तिचा विठ्ठल कुठे गेला नाही. उलट काळ्या चित्रासमोर तीच म्हणाली, "बाबा, आजीच्या देवघरातल्यासारखं वाटतं ना?"

तेव्हा मंडळी, या सुट्टीत एवढं करा. वेलिंग्टनला गेलात तर ते पापामध्ये, ऑकलंडला असाल तर आर्ट गॅलरीत चौकशी करा की होतेरेंचं काय मांडलेलं आहे. संग्रहातली सगळीच कामं नेहमी बाहेर नसतात, म्हणून आधी विचारून जा. डनीडिनकडे गेलात तर पोर्ट चामर्सच्या टेकडीवर चढा. थर्मासमध्ये चहा न्या, वारा फार असतो. मेराता मिता यांनी २००१ मध्ये केलेला 'होतेरे' हा माहितीपट मिळाला तर मुलांबरोबर बसून पाहा. आणि तुमच्या घराण्यातलं कुणी इटलीच्या लढाईत होतं का, हे गावाकडे फोन करून विचारा. असेल तर आम्हाला कळवा, त्यावर एक कार्यक्रम नक्की करू.

प्रोजेक्ट काल जमा झालं. मुखपृष्ठ पूर्ण काळं आहे, आणि घरातला प्रिंटर शाई संपली म्हणून बंद पडलाय.

पुढच्या रविवारी पुन्हा भेटू. तोपर्यंत नमस्कार, हाएरे रा!